काट्याच्या यूटीएमला सेन्सर बसवताना

आमची फाउंड्री कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आहे. लॅबमध्ये ४० टनी हायड्रॉलिक यूटीएम उभं आहे, म्हणजे धातूचा नमुना-बार ओढून तोडून त्याची ताकद मोजणारं मशीन. पाटीवर साल १९८६. समोर परातीएवढी गोल डायल आणि तिच्यावर दोन काटे. काळा काटा लोडबरोबर चालतो, लाल काट्याला तो पुढे ढकलत नेतो, आणि बार तुटला की काळा मागे येतो, लाल तिथंच राहतो. लाल काट्याचा आकडा वाचायचा, रजिस्टरला लिहायचा, भागिले बारचं क्षेत्रफळ, झालं टेन्साइल, म्हणजे बार तुटेपर्यंत सोसलेला कमाल ताण. रेंज बदलायची तर मागच्या लोलकावरची वजनं बदलायची. उजव्या हाताचा व्हॉल्व्ह उघडला की तेल रॅमखाली जातं आणि टेबल चढतं, डाव्या हाताचा उघडला की तेल परत टाकीत.

या मशीनची कधी तक्रार नव्हती. दरवर्षी कॅलिब्रेशनवाले येत, क्लास १ मध्ये, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत, पास करून जात. विषय निघाला तो एका ग्राहकाच्या ऑडिटमध्ये. ऑडिटरनं टेस्ट सर्टिफिकेटवरच्या ५१५ एमपीए (मेगापास्कल, ताणाचं एकक) या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कुठून आला? आम्ही रजिस्टर दाखवलं. तो म्हणाला, हे तुम्ही लिहिलेलं आहे, मशीननं लिहिलेलं दाखवा. मग त्यानं रजिस्टरची पानं मागं मागं उलटली. बहुतेक आकड्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच. आमच्या १०० किलोन्यूटनच्या रेंजला डायलवरची एक रेघ ०.२ किलोन्यूटनची. १४ मिमी व्यासाच्या बारवर ती एक रेघ म्हणजे साधारण १.३ एमपीए. म्हणजे ५११, ५१३, ५१८ असे आकडे यायलाच हवेत, आणि आमच्याकडे सगळे ५१०, ५१५, ५२०. खोटं कुणी लिहीत नव्हतं. बरं दिसेल असं गोल करायची सवय होती, आणि ती मशीन आलं तेव्हापासूनची होती.

मालकांना नवं सर्वो मशीन घ्यायचं नव्हतं आणि मलाही त्यांचं पटलं. कॉलम, स्क्रू, रॅम सगळं ठणठणीत. रॅमला सील नसतं, सिलिंडरमध्ये तो लॅप करून, म्हणजे घासून तंतोतंत, बसवलेला असतो. त्या फटीतून तेल थोडं झिरपतं, तेवढं झिरपायलाच हवं. हा भाग शाबूत असेल तर जुनं मशीन भंगारात काढण्यात अर्थ नाही. कमी होती ती फक्त आकडा टिपून ठेवण्याची.

पहिलं कोटेशन आलं ते प्रेशर ट्रान्सड्यूसरचं, म्हणजे तेलाचा दाब मोजून विजेचा सिग्नल देणाऱ्या सेन्सरचं. तेलाच्या लाइनमध्ये टी टाकायची, ० ते २५० बारचा (इथला ‘बार’ म्हणजे दाबाचं एकक) ट्रान्सड्यूसर बसवायचा, ४ ते २० मिलीअँपिअर सिग्नल कॉम्प्युटरला द्यायचा. एका दिवसात काम, पैसेही कमी. यात तसं चूक काही नाही, कितीतरी ठिकाणी असंच चालतं. पण आमचा रॅम १६० मिमीचा, म्हणजे पूर्ण ४०० किलोन्यूटनला तेलाचा दाब होतो साधारण २०० बार. आमचे बार तुटतात ७५ ते ९० किलोन्यूटनला, तिथे दाब फक्त ३८ ते ४५ बार. ट्रान्सड्यूसरची अचूकता ०.२५ टक्के, पण ती पूर्ण स्केलची. २५० बारचे ०.२५ टक्के म्हणजे ०.६ बारच्या वर, म्हणजे सव्वा किलोन्यूटन. ७७ किलोन्यूटनवर ही चूक दीड टक्क्याच्या पुढे जाते. क्लास १ ला मुभा एक टक्क्याची, आणि तीही वाचलेल्या आकड्याच्या एक टक्का. कोटेशनमध्ये ‘अचूकता ०.२५%’ ठळक छापलेलं होतं, कशाचे टक्के ते छापलेलं नव्हतं. जुनं मशीन डिजिटल करायला निघालेल्या कुणालाही मी हा हिशेब कागदावर करून बघायला सांगतो. मशीन केवढं आहे ते बाजूला ठेवा, तुमचा बार कितीला तुटतो ते बघा.

म्हणून आम्ही लोडसेलवर गेलो, म्हणजे भार थेट मोजणाऱ्या सेन्सरवर. ४०० किलोन्यूटनचा, ०.०५ टक्क्यांचा, रॅम आणि टेबल यांच्यामध्ये बसणारा. त्यासाठी टेबल, कॉलम आणि वरचा क्रॉसहेड असा सगळा सांगाडा चेनपुलीनं उचलावा लागला. तेलानं काळ्या झालेल्या बैठकीवर सेल ठेवला, पातळी बघितली, सांगाडा परत खाली घेतला. टेबल सेलच्या उंचीएवढं वर गेलं, त्यामुळे खालच्या क्रॉसहेडचे लिमिट स्विच सरकवावे लागले. रॅमची हालचाल मोजायला टेबलाच्या बाजूला तारेचा एन्कोडर लावला. डायल काढायची नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. लोलक तेलाच्या दाबावर चालतो, सेल वजनावर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणजे एकाच बारचे दोन स्वतंत्र आकडे मिळणार होते. पुढे त्याचा उपयोग झाला. एका आठवड्यात डायल सेलपेक्षा सतत कमी दाखवायला लागली. सगळ्यांनी नव्या सेलवर संशय घेतला. निघालं वेगळंच. लोलक हलवणाऱ्या डायनामोमीटरमधला छोटा पिस्टन घर्षण लागू नये म्हणून सतत फिरता ठेवलेला असतो, त्याचा पट्टा सैल पडला होता.

सेल बसल्यावर आकडा काही स्थिर राहीना. दिवसा बरा असायचा, रात्री उड्या मारायचा. तेव्हा आमच्याकडे भट्टी मुख्यतः रात्री लागायची, विजेच्या सवलतीच्या दरासाठी. इंडक्शन भट्टी पूर्ण पॉवरला गेली की पडद्यावर रिकाम्या मशीनचा लोड अर्धा किलोन्यूटन वरखाली. सेलचा सिग्नल किती बारीक असतो ते बघा. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल, त्याला १० व्होल्ट पुरवठा, म्हणजे पूर्ण ४०० किलोन्यूटनला मिळणार २० मिलिव्होल्ट. ०.१ किलोन्यूटन म्हणजे ५ मायक्रोव्होल्ट. शेजारी शेकडो किलोवॉटची भट्टी चालू असताना ५ मायक्रोव्होल्ट वेगळे काढायचे आहेत. काम करणाऱ्या ठेकेदारानं सेलची केबल आणि क्रॉसहेडच्या मोटरची केबल एकाच पाइपातून आणली होती, दिसायला नीटनेटकी. ती वेगळी केली, पीळ दिलेली शील्डची सहा तारांची केबल टाकली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, लॅबला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा मारला. सॉफ्टवेअरमध्ये २० मिलिसेकंदांची सरासरी घेतली, म्हणजे ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन आपोआप कटतं. एवढं झाल्यावर भट्टी चालू असली काय नसली काय, शून्य जागेवर राहिलं.

याच काळात आमचा एक ट्रेनी इंजिनिअर घरून एचएक्स७११ चं, म्हणजे लोडसेलचा सिग्नल वाचणाऱ्या चिपचं, छोटं बोर्ड घेऊन आला. दोन-चारशे रुपयांत हे सगळं होतं, मग एवढे पैसे का, असा त्याचा प्रश्न. प्रश्न रास्त होता म्हणून बोर्ड जोडून बघितलं. नेहमीच्या सेटिंगला ते सेकंदाला १० वेळा आकडा देतं. एसजी आयर्नचा, म्हणजे गोळ्यांच्या ग्राफाइटच्या बिडाचा, बार तुटण्याआधी ताणला जातो, तिथे लोड सावकाश चढतो, दहा आकडेही चालून जातील. पण एफजी २६० या ग्रेडच्या ग्रे आयर्नचा, म्हणजे साध्या ठिसूळ बिडाचा, बार काही सांगत नाही. लोड चढत असतानाच काडकन तुटतो. सेकंदाला २० एमपीए वेगानं चाललो असलो तर दोन आकड्यांच्या मध्ये २ एमपीए निघून जातात, आणि कमाल आकडा नेमका त्या मधल्या जागेत. बोर्ड ८० वर नेता येतं, पण मग आकडा जास्त थरथरतो. वाळूची ओल नाहीतर ओव्हनचं तापमान टिपायला असली बोर्डं उत्तम, आणि त्या पोरानं नंतर ओव्हनला तसं करूनही दिलं. यूटीएमला मात्र सेकंदाला शेकड्यानं आकडे देणारा ॲम्प्लिफायरच ठेवला.

आता यील्ड, म्हणजे बार कायमचा ताणला जायला लागतो ती जागा. एसजी आयर्नच्या ५००/७ या ग्रेडला कमाल ताण ५०० एमपीए हवा, ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (०.२ टक्के कायमची वाढ होते तो ताण) ३२० आणि लांबीतली वाढ ७ टक्के. सौम्य पोलादाला यील्डला काटा थबकतो, डोळ्याला दिसतं. एसजी आयर्नला तसं काही होत नाही, आलेख हळूच वळतो. पूर्वी आम्ही बारची बारीक वाढ मोजायला डायलगेजचं एक्स्टेन्सोमीटर लावायचो. एकानं लोड ओरडायचा, दुसऱ्यानं गेज वाचायचं, तिसऱ्यानं लिहायचं, मग आलेखाच्या कागदावर रेघ मारायची. या खटाटोपामुळे प्रूफ स्ट्रेस क्वचितच काढला जायचा. सॉफ्टवेअरवाल्यानं डेमोत एक्स्टेन्सोमीटरशिवायच, रॅमच्या हालचालीवरून ०.२ टक्क्यांची रेघ मारून यील्ड काढून दाखवलं. आकडा रुबाबदार, दोन दशांशांपर्यंत. मी त्याला हिशेब विचारला. ३२० एमपीएला ७० मिमी गेज लांबीचा बार लवचीकपणे ताणला जातो फक्त ०.१३ मिमी. तेवढ्यात रॅम दोन-अडीच मिलिमीटर चढलेला असतो, कारण जबडे बारमध्ये रुततात, वेज सरकतात, क्रॉसहेड वाकतो. त्या अडीच मिलिमीटरमधून ०.१३ कसे शोधणार? तो म्हणाला, सगळे असंच घेतात. आम्ही क्लिपचं स्ट्रेनगेजवालं एक्स्टेन्सोमीटर घेतलं, ५० मिमी गेजचं.

ते जपायला लागतं. दोन सुरीच्या धारा बारवर टेकतात, रबरबँडनं धरलेल्या. बार तुटताना ते अंगावर असेल तर धारा गेल्याच समजा. त्यामुळे बार २ टक्के ताणला गेला की पडद्यावर लाल पट्टी येते, लोड धरून ठेवायचा, क्लिप काढायची, पुन्हा व्हॉल्व्ह उघडायचा. एकूण वाढ मात्र आजही तुटलेले दोन तुकडे जुळवून व्हर्नियरनंच मोजतो. ७० चे ७५.६ झाले तर ८ टक्के. यात सेन्सरचं काही काम नाही, आणि मला ते बदलायचंही नाही.

लॅबमधले आमचे अण्णा मशीनवर तीस वर्षांच्या वर आहेत. पडदा लागल्या दिवशी त्यांनी विचारलं, “टीव्ही लावला व्हय मशिनला?” लोकांना वाटत होतं की हा कॅमेऱ्याचाच प्रकार, साहेबांना घरबसल्या बघायला. तसं थोडं खरंही होतं. आलेखात लोड चढण्याचा वेग दिसतो, म्हणजे व्हॉल्व्हवरचा हात दिसतो. आयएस १६०८ या टेन्साइल टेस्टच्या भारतीय मानकानुसार एसजी आयर्नसारख्या जास्त मॉड्युलसच्या (म्हणजे जास्त ताठ) धातूला सेकंदाला ६ ते ६० एमपीए, ग्रे आयर्नसारख्या कमी मॉड्युलसच्या धातूला २ ते २०. एका पाळीत ७७ किलोन्यूटन सहा सेकंदांत गाठलेले दिसले, म्हणजे सेकंदाला ८० च्या वर. डबे भरायची घाई होती, व्हॉल्व्ह जरा जास्त उघडला. डायलवर हे कधीच कळलं नसतं, रजिस्टरला फक्त शेवटचा आकडा. आणि अण्णांचे आलेख एकावर एक ठेवले तर बारनंतर बार त्याच रेषेत. वेग पंचवीस-तीसच्या आसपास, ग्रे आयर्न लागला की पंधराच्या खाली. आयएस कोड त्यांनी वाचलेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “काट्याचा आवाज यील तेवढा उघडायचा न्हाई.” म्हणजे नेमकं काय ते मला अजून कळलेलं नाही. पण नव्या पोरांना वेग शिकवायला आता त्यांचाच आलेख पडद्यावर मागे फिकट रंगात दाखवतो, त्यावरून आपला न्यायचा. तेव्हापासून अण्णांची पडद्याबद्दलची तक्रार बंद झाली.

खरी ठिणगी पडली ती ४९७ वर. महिना संपत आलेला, माल ट्रकमध्ये चढवायचा, आणि ५००/७ च्या एका हीटचा (भट्टीच्या एका वितळणीचा) बार ७६.५ किलोन्यूटनला तुटला. पडद्यावर ४९७. डायलच्या जमान्यात हा ५०० लिहिला गेला असता, यात मला तरी शंका नाही. डिस्पॅचवाले म्हणाले, तीन एमपीएनं काय होतंय, गोल करा. पण कोडमध्ये ताण पूर्ण अंकापर्यंत गोल करायचा असतो, आणि ४९७ तसा झालेलाच आहे. शिवाय फाइल सेव्ह झालेली, तिच्यावर वेळेची मोहर. मी फाइल उघडून बघितली, तेव्हा व्यासाच्या रकान्यात १४.०० दिसलं. आधीच्या बारला १४.००. त्याच्या आधीच्याला १४.००. सगळ्या बारना १४.००.

लेथवरून सगळे बार इतके तंतोतंत येतच नाहीत. ड्रॉइंगवर १४ आहे म्हणून १४ टाइप होत होतं. लोड मोजायला आम्ही पाव टक्क्याची यंत्रणा बसवली, आणि ज्यानं भागायचं तो आकडा मोजतच नव्हतो. व्यासात ०.१ मिमीचा फरक म्हणजे क्षेत्रफळात जवळपास दीड टक्का, क्लास १ च्या सगळ्या मुभेपेक्षा जास्त. तो बार १३.९४ चा असता तर त्याच ७६.५ किलोन्यूटनला ताण ५०१ झाला असता. १४.०५ चा असता तर ४९३. आता कळायला मार्ग नव्हता, ताणात बारीक झालेल्या तुकड्यावरून मूळ व्यास निघत नाही. नियमानं त्याच हीटचे आणखी दोन बार केले, व्यास दोन काटकोनी दिशांना मोजून टाकला, दोन्ही पास झाले आणि ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. डिस्पॅचवाले पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्यानंतर केबलवाला डिजिटल व्हर्नियर जोडला. बटण दाबलं की व्यास सरळ रकान्यात जातो, हातानं टाइप करण्याची सोयच काढून टाकली. माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सेन्सर तोच. लोडसेलचं कौतुक सगळे करतात, कोटेशनही त्याचंच मोठं असतं.

हीट नंबरचाही असाच घोळ होता. एकाच हीटला कुणी ‘एच ४१२’ लिहितो, कुणी ‘४१२’, कुणी पुढे तारीख जोडतो. धातूचं रसायन मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरच्या डेटाशी जोडायला गेलो की निम्म्या ओळी जुळायच्या नाहीत. स्टिकर लावून बघितले, लेथवरच्या कूलंटमध्ये ते टिकत नाहीत. शेवटी बारच्या टोकाला पंचानं नंबर मारायचा आणि कॉम्प्युटरवर यादीतून निवडायचा, असं ठरलं. यादी मेल्टिंगच्या नोंदीतूनच येते.

हे जुळल्यावर पहिल्यांदा काही बघण्यासारखं हाती लागलं. काही हीटमध्ये रसायन व्यवस्थित, तांबं ठीक, तरी लांबीतली वाढ ७ च्या काठावर. ग्राफाइटचे गोळे व्हावेत म्हणून केलेल्या मॅग्नेशियम ट्रीटमेंटची वेळ आणि टेस्ट बार ओतल्याची वेळ शेजारी ठेवली तर या हीटचे बार बहुधा लॅडलच्या (धातू ओतायच्या भांड्याच्या) शेवटी ओतलेले. ट्रीटमेंटनंतर जितका वेळ जातो तितकं मॅग्नेशियम उतरत जातं आणि ग्राफाइटचे गोळे बिघडतात. हे फाउंड्रीत प्रत्येकाला तोंडपाठ आहे. पण आमच्या लॅडलला ते किती मिनिटांनी नडतं, हे वादाशिवाय कधी ठरलं नव्हतं. मेल्टिंगवाले म्हणायचे टेस्टिंग चुकलं, आम्ही म्हणायचो धातू थांबला. आता वेळेची मर्यादा भिंतीवर लिहिलेली आहे, ती दोघांनी मिळून ठरवली.

बदल झाल्यावर कॅलिब्रेशन नव्यानं करून घ्यावंच लागतं, तसं करून घेतलं. २० टक्क्यांपासून पूर्ण लोडपर्यंतचे टप्पे, तीन फेऱ्या, पडदा वेगळा आणि डायल वेगळी. आमचे बार जिथे तुटतात ती जागा बरोबर २० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून खालचे जादा टप्पे आम्ही मुद्दाम मागून घेतले. एक गोष्ट पुरवठादाराशी भांडून मिळवली. कॅलिब्रेशनचे स्थिरांक पासवर्डमागे ठेवायचे, ते बदलले की नोंद व्हायची, आणि प्रत्येक टेस्टचा कच्चा डेटा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये निघायला हवा. त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल द्यायला ते खुशीनं तयार होते. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर कुणाच्या कॉम्प्युटरवर चालणार, हे विचारल्यावर तयार झाले.

आता पाळी ब्रिनेलची, म्हणजे गोळा दाबून ठशावरून कडकपणा मोजणाऱ्या मशीनची. १० मिमीचा गोळा, ३००० किलोचा लोड, आणि ठसा मापायला हातातला मायक्रोस्कोप, ज्याचा आकडा बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतो. कॅमेऱ्याचं एक कोटेशन आलं आहे. घासलेल्या जागेवरच्या रेघा आणि ठशाची कड यांतला फरक त्याचं सॉफ्टवेअर ओळखतं का, हे बघायला आमचेच काही तुकडे त्यांच्याकडे पाठवले आहेत. त्यांनी डेमोसाठी आणलेला ब्लॉक आरशासारखा गुळगुळीत होता, तो मी परत दिला.